भिंतीआधीची टपली

टपली पुन्हा लवकर पडली.

भिंत आली असं समजून ज्ञानदानं पाण्यात कोलांटी घेतली. पाय मागं झाडले, पण पायांना भिंत लागलीच नाही. नुसतं पाणी. चाचपडत मागं सरकून तिनं भिंतीला पाय लावला, तोवर शेजारच्या पट्ट्यातली भिलाईची मुलगी बरीच पुढं निघून गेली होती. काठावर उभ्या तिच्या वडिलांनी, वासुदेवरावांनी, काठी वर घेतली आणि मान खाली घातली.

ज्ञानदाला जन्मापासून दिसत नव्हतं. अशा जलतरणपटूसाठी तलावाच्या दोन्ही टोकांना भिंतीशी एकेक साथीदार उभा असतो. त्याच्या हातात लांब काठी, काठीच्या टोकाला मऊ गोळा. पोहणारी जवळ आली की तो तिच्या डोक्यावर टपली मारतो. भिंत आली, वळ, एवढाच तिचा अर्थ. टपली लवकर पडली तर शर्यत जाते. उशिरा पडली तर डोकं फुटतं.

काही वर्षांपूर्वी एकदा फुटलंही होतं. तेव्हा क्लबातली सगळी मुलं पाळीपाळीनं ज्ञानदासाठी काठी धरायची. त्या दिवशी पाळी होती गंधालीची, ज्ञानदाच्याच वयाच्या पोट्टीची. टपलीला क्षणभर उशीर झाला. ज्ञानदाच्या कपाळाला टाके पडले. वासुदेवराव गंधालीला एका शब्दानंही बोलले नाहीत. त्यांनी फक्त तिच्या हातातली काठी काढून घेतली, आणि मग ती कुणालाच दिली नाही. पहाटे रायपुरातल्या तात्यापाऱ्यातल्या घरून मुलीला स्कूटरवर तलावावर आणायचं, काठी धरायची, तिला घरी सोडायचं आणि मग नवा रायपूरमधलं सरकारी ऑफिस गाठायचं, हा त्यांचा नेम झाला. गंधालीच्या नमस्काराला ते मान हलवत, तेवढंच.

सकाळच्या त्या प्राथमिक फेरीतून ज्ञानदा कशीबशी अंतिम फेरीत पोचली, सगळ्यांत शेवटची. संध्याकाळच्या शर्यतीत पहिली येणारी एकटीच राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होती.

दुपारी गॅलरीखालच्या सावलीत डबा उघडला, पण कुणी जेवेना. प्रशिक्षक दिवाकर सर काही बोलायला आले, तर ज्ञानदानं त्यांना थांबवलं. तिनं वडिलांना स्वतःच सांगितलं. मंत्रालयात बैठक असली की वासुदेवराव तलावावर येत नसत. अशा दिवशी गंधाली तिच्यासाठी काठी धरायची. गेलं वर्षभर हे चाललं होतं. दिवाकर सरांनी दबक्या आवाजात पुष्टी दिली की, ज्ञानदा तिच्या सगळ्यांत वेगवान फेऱ्या त्याच दिवशी पोहली होती.

वासुदेवरावांनी डब्याचं झाकण लावलं. आपल्याला काहून सांगितलं नाही, एवढंच त्यांनी विचारलं.

ज्ञानदानं हात पुढं करून त्यांचं मनगट शोधलं. "तुम्ही मले वाचवून राहिले, बाबा. मले पोहायचं आहे."

संध्याकाळी दिवाकर सर सुरुवातीच्या भिंतीशी थांबले आणि वासुदेवराव काठी घेऊन पलीकडच्या, वळायच्या भिंतीशी गेले. तिथं ज्ञानदानं बोलावलेली गंधाली आधीच उभी होती. त्यांनी काठी तिच्यापुढं धरली. तिनं घेतली, पण तिचे हात कापू लागले. सरावाची गोष्ट वेगळी होती, ती म्हणाली. तिथं काका मागं उभे नसायचे. तिला ते लाल झालेलं पाणी दिसत होतं. काकांनीच काठी धरावी, आपण ज्ञानदाला समजावू, असं ती विनवू लागली.

वासुदेवरावांना काठी परत घ्यायची होती. हात अर्धा पुढं गेलाही होता. तो त्यांनी आवरला आणि गंधालीच्या खांद्यावर ठेवला.

"हात माझाही थरथरते, बेटा. पण तू थांबते. मले थांबता येत नाही."

मग ते मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

शिट्टी झाली. अख्खा तलाव चिडीचूप झाला, कारण पोहणाऱ्या मुलींना इशारा नीट ऐकू यायला हवा होता. मग धडाधड पाण्यात उड्या पडल्या. गॅलरीत बसलेली क्लबातली पोरं बाकांवर चढली आणि "खींच दीदी, खींच" म्हणून गळे फाडू लागली. त्या आवाजातून ज्ञानदा येत होती. भिलाईची मुलगी तिच्या बरोबरीनं होती.

वासुदेवराव कधी उठले आणि गंधालीच्या मागं येऊन कधी उभे राहिले, त्यांनाच कळलं नाही. आता, असं त्यांचं सगळं अंग म्हणत होतं. गंधाली हलली नाही. ज्ञानदा आणखी जवळ आली. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले. गंधाली अजूनही थांबली होती.

टपली पडली.

ज्ञानदा चेंडूसारखी गोल फिरली. दोन्ही तळपाय भिंतीवर थाडकन आदळले, पाण्याचा लोट काठावर उसळला आणि ती बाणासारखी सुटली. वर आली तेव्हा भिलाईची मुलगी मागं पडली होती. पुढचं अंतर ज्ञानदा अशी पोहली, जणू समोर भिंत नावाची गोष्टच नाही. शेवटची टपली दिवाकर सरांची होती. तिचा हात भिंतीला लागला, सर खाली वाकून तिच्या कानाशी काही बोलले, आणि तिनं पाण्यातूनच मूठ वर केली.

गॅलरी नाचू लागली. गंधाली काठी छातीशी धरून मटकन खाली बसली. ती रडत होती आणि हसतही होती. वासुदेवराव तिच्याशेजारी ओल्या फरशीवरच बसले. उद्या दोनशे मीटरची शर्यत आहे, काठी तूच धर, असं त्यांनी सांगितलं. तिनं डोळे पुसत त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही तर पूर्ण भिजले."

वासुदेवरावांनी खाली पाहिलं. बूट, पँट, शर्टाची बाही, सगळ्यांतून पाणी निथळत होतं. इतकी वर्षं ते याच भिंतीशी उभे होते, पण त्यांच्या मुलीनं वळताना उडवलेलं पाणी आज पहिल्यांदा त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.