पट्टीवरचे डोळे

केजच्या भामाबाईंनी आखलेले गणपतीचे डोळे बोलायचे. यंदा नजर अंधुक झाली, तशी गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली.

तरी त्यांनी फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाच्या लॉजमधून दुरुस्तीला आलेलं, नव्या सभासदाच्या दीक्षेचं जुनं चित्र हट्टाने रंगवायला घेतलं. काळ्यापांढऱ्या फरशीवर गळ्यात दोर, डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस आणि पुढे तीन पायऱ्या.

डोळे आखल्याशिवाय मूर्ती घराबाहेर जात नाही. त्याच सवयीने त्यांनी पट्टीवरच डोळे आखले. रेघ जराही हलली नाही.

“नाथा, दिसाया लागलं रे! सुईचं भोकबी दिसतंय!”

लेक धावत आला आणि दारातच थबकला.

“आई, डोळ्याला पट्टी कामून बांधलीस?”

भामाबाईंनी चाचपलं. डोक्यामागे गच्च गाठ होती. ती न सोडताच त्या खदखदून हसल्या. चित्रातला माणूस उघड्या डोळ्यांनी पहिली पायरी चढलेला त्यांना लख्ख दिसत होता.