वाकडं तोंड

"आवडला तरी तोंड वाकडं करायचं," वसईतल्या त्या घराची बेल दाबता दाबता आईनं मला पुन्हा बजावलं. सांगितलेल्या भावात तिनं आजवर मेथीची जुडीसुद्धा घेतली नव्हती. हा तर जुना पियानो होता, आणि आमचं बजेट जेमतेम.

घर विकून कॅनडाला लेकाकडे निघालेल्या तुस्कानोकाकांनी पियानोवरची चादर काढली. मी पढवल्यासारखी सुरू झाले. "दोन पट्ट्या अडकतात. खालचे सूर उतरलेत. मागे वाळवी तर नाही ना?"

"शिवाय टेम्पोचा खर्च आमच्याच गळ्यात," आईनं पुस्ती जोडली.

"सगळं खरं," काका म्हणाले. "पण एकदा वाजवून तर बघ, पोरी."

मी बसले. घरी पलीकडच्या खोलीत आजारी आजोबा झोपलेले असायचे, म्हणून मी छोट्या कीबोर्डवर हेडफोन लावूनच वाजवायचे; ते आता नुकतेच आत्याकडे राहायला गेले होते. इतकी वर्षं आईनं फक्त माझी बोटं हलताना पाहिली होती. आज पहिल्यांदाच ते सूर तिच्या कानांवर पडत होते.

वाजवून झालं. मी वळून पाहिलं. आई ओढणीनं डोळे पुसत होती.

"मग, किती कमी करू?" काकांनी विचारलं.

"कमी कशाला? तुम्ही म्हणालात तेवढेच देते," आई ताठ मानेनं म्हणाली. "ऐकलंत ना? माझी मुलगी आहे ती!"

ठरल्याप्रमाणे मी घाईघाईनं तोंड वाकडं करायला गेले. जमलंच नाही.