आनंदाच्या कपाळावरचा अंगारा

मॅचला निघालेल्या मुलाच्या कपाळाला लावायला यशोदाक्का मारुतीचा अंगारा चिमटीत धरून उभी होती, तेवढ्यात तालमीचे बापूनाना जुना फोटो घेऊन आले. "आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमचे फोटो गोळा करतोय, अक्का. ह्यात तुझा आनंदा सापडला बघ. फायनलच्या दिवशीचा, मॅचच्या जरा आधीचा."

आनंदा, तिचा गोलकीपर भाऊ. त्या फायनलच्या सकाळी तिच्याशी भांडून अंगारा न लावताच गेला आणि मॅचहून येताना मोटारसायकलीवरून पडून संपला. तेव्हापासून अक्काचा शनिवारचा एकही उपास चुकला नव्हता, की मुलगा अंगाऱ्याशिवाय मैदानावर गेला नव्हता.

तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला. आनंदाच्या कपाळावर अंगाऱ्याचं ठसठशीत बोट होतं.

"हे कुणी लावलं?"

"त्यानंच की. तालमीत येऊन मारुतीपुढं वाकला," नाना हसले. "वर म्हणतो कसा, अक्काला सांगू नका, डोक्यावर बसंल."

अक्का हसली नाही. म्हणजे अंगारा लावूनच खेळला होता तो. लावूनच घरी निघाला होता.

"आई, लाव की. सगळी थांबल्यात," मुलगा कपाळ पुढं करून म्हणाला.

तिनं अंगारा लावला. पण आज पहिल्यांदाच तिचा हात त्याच्या कपाळावरून निघेना.