महिन्याला एक बाटली

"बसतात आजी, काचबिंदूचे थेंब तुमच्या पॉलिसीत बसतात," विमा कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली. मी हुश्श केलं, तोच ती पुढे म्हणाली, "पण महिन्याला एकच बाटली. तुम्ही तर तीन बिलं पाठवलीत."

"तीन लागतात."

"रोज एकेकच थेंब ना, आजी? एक बाटली महिनाभर पुरून उरते."

हिला काय सांगायचं? हे होते तोवर पुरून उरतच होती. जेवणं झाली की मी आरामखुर्चीत मान मागे टाकायची. हे अंगठ्यानं पापणी धरायचे आणि थेंब नेमका डोळ्यात पडायचा. एकदाही चुकला नाही. आता माझाच हात, तोही थरथरणारा. दोन थेंब गालावर, एक कानात, तेव्हा कुठे एखादा डोळ्यात जातो.

"जास्तीच्या बाटल्यांचं कारण लिहावं लागेल. काय लिहू?"

"मांजर बाटली पाडतं, लिहा."

ती हसली. "आमच्याकडेही आहे एक. तुमच्याचं नाव काय?"

घरात मांजर असतं, तर नाव सुचलं असतं. "अजून ठेवलेलं नाही," मी म्हणाले.

"बरं, मी साहेबांना विचारून बघते. पण आजी, थेंब घालताना घरातल्या कुणालातरी मांजर धरून बसायला सांगत जा."

"सांगते," म्हणून मी फोन ठेवला.

जेवण झालंच होतं. आरामखुर्चीत बसले, मान मागे टाकली, डोळा उघडा ठेवला. बराच वेळ तशीच राहिले. मग लक्षात आलं, बाटली माझ्याच मुठीत होती.