खिळ्यांवरची बोळकी

भूकंपात मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातल्या आमच्या गावात एकच इमारत कोसळली, नवी शाळा. माझी नात नायेली तिच्याखाली गेली. शाळा बांधली होती नगराध्यक्ष एवारिस्तोच्या मेव्हण्याने, ज्याला कोंबड्यांचं खुराडंही धड बांधता येत नाही. राजधानीतून आलेली इंजिनियर घरोघर विचारत होती, हादरा किती होता? जोराचा असेल तर दोष भूकंपाचा, साधा असेल तर बांधणाऱ्याचा. सुतकी चेहरा करून एवारिस्तो तिच्या मागेमागे होताच.

"या मावशींचं स्वयंपाकघर बघा," त्याने तिला थेट आत आणलं. "सासूबाईंच्या वेळची मातीची बोळकी होती, खिळ्यांवर टांगलेली. कितीतरी भूकंप पचवले होते त्यांनी. आज एक तरी उरलंय का? मावशी, सांगा ना यांना, केवढं भयंकर होतं ते!"

इंजिनियरने जमिनीवरच्या खापऱ्या पाहिल्या, मान डोलावली आणि पेन काढलं.

"लिही, पोरी," मी म्हणाले. "सोमवारी जमीन हलली, तेव्हा यातलं एकही पडलं नाही. काल हा सांत्वनाला आला, तेव्हा मीच सगळी याच्यावर फेकून फोडली."