गौरीजेवणाच्या दिवशी

बाथरूमच्या दारातच कळ आली आणि मी चौकट धरून वाकून राहिले. अंघोळ करून मला गौरींचं पुरण वाटायला बसायचं होतं.

एंडोमेट्रिओसिससाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी पाळी वर्षभर बंद होती, दुखणं मात्र उठायचंच. पाळीच नाही तर दुखतं कसं, हे घरात कुणाला पटत नव्हतं. सासूबाईंना तर मुळीच नाही. पूर्वी निदान बाजूला बसायचं म्हणून चार दिवस पडून राहता यायचं.

सासूबाई समोरून आल्या. माझ्या कपाळावरचा घाम त्यांनी पाहिला आणि बाहेर जाऊन पाहुण्यांना सांगितलं, "सूनबाईला अडचण आलीये. पुरणाचं मी बघते."

सोवळ्यात कुणाची सावलीही न चालणाऱ्या सासूबाई चक्क गौरींसमोर खोटं बोलल्या होत्या.

थोड्या वेळाने गरम पाण्याची पिशवी घेऊन त्या माझ्या खोलीत आल्या आणि स्वतःच्या हाताने त्यांनी ती माझ्या ओटीपोटावर ठेवली. दारातून त्यांच्या नणंदेने पाहिलं.

"वहिनी, शिवलात की तिला. आता नैवेद्य कसा दाखवणार?"

सासूबाईंनी माझ्या अंगावर चादर ओढली. "ते गौरी आणि मी बघून घेऊ."