अकरा किलो

पहिल्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंतही पोचली नाही. धाप लागली, पोटात कळ आली आणि ती फुटपाथवरच फतकल मारून बसली. वर गॅलरीत लेकीला कडेवर घेऊन उभा नवरा खो खो हसला. "कासवा, परत यायला तरी जमेल ना?" तेव्हापासून घरात तिचं नाव कासव पडलं.

बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? दोन महिन्यांत तिनं कसाबसा पूल गाठला. मग गुडघा सुजला, तीन आठवडे पाण्यात गेले आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तरी ती उठली. आता तर पाठीवर सॅक घेऊन धावायची, आत अकरा किलो पीठ. "ताकद वाढते म्हणे," तिनं सांगितलं. "घर पाठीवर घेऊन निघालं कासव," तो म्हणाला.

पुलापलीकडे तिच्या ताईचं घर. ताई घड्याळ घेऊन दारात उभी असायची. "चोवीस मिनिटं. अगं, त्याची अंघोळ वीस मिनिटांत उरकते. अजून कमी कर."

आज एकोणीस मिनिटांत तिनं ते दार गाठलं. ताईनं तिला पोटाशी धरलं. "उद्याच," ताई म्हणाली.

ती घरी परतली, तर लेकीला कडेवर घेऊन नवरा दारातच उभा. दुसऱ्या हातानं त्यानं तिच्या पाठीवरची सॅक उतरवून घेतली, जरा तोलून पाहिली आणि हसला.

"पीठ एक किलो कमी पडतंय, कासवा. पोरगी आता बारा किलोची झालीय."